सुटणारी कडी

धारला लाट मशिदीच्या बाहेर एका ओट्यावर लोखंडाचे तीन भलेमोठे तुकडे आडवे मांडून ठेवले आहेत. थोरला २४ फूट ३ इंच लांब, मधला ११ फूट ७ इंच, धाकटा ७ फूट ६ इंच. तिन्ही मिळून ४३ फूट ४ इंच आणि वजन सुमारे ७३०० किलो. खाली चौकोनी, वर अष्टकोनी आणि टोकाशी गोल होत गेलेली ही लाट, म्हणजे खांब, कधीकाळी अखंड होती, उभी होती. टोकाचा आणखी एखादा तुकडा हरवला असावा असे अभ्यासक मानतात. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ जगाला ठाऊक आहे. धारची लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब आणि वजनानेही भारी, पण तिची ओळख माळव्याबाहेर फारशी गेली नाही, कारण तो उभा आहे आणि ही पडली आहे. लोखंड दोन्हीकडचे कसदारच. उघड्यावर, पावसात राहूनही दोन्ही टिकले. मग फरक कुठे पडला? माझ्या मते तो धातूत पडला नाही, धातूला धरून ठेवणाऱ्या जोडणीत पडला. एखादी वस्तू कशाची केली आहे याचे आपण कौतुक करतो. ती कशात बसवली आहे, आणि त्या बसवणीतून सोडवून पुन्हा बसवता येते का, हे सहसा विचारत नाही. धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची दोन शहरे. इथे गेल्या हजार वर्षांत लोखंड, दगड, तांबे आणि कागद अशा चार पदार्थांवर माणसांनी आपली आठवण ठेवली, आणि चारही ठिकाणी काय उरले हे पदार्थाच्या कणखरपणाने नव्हे, तर जोडणीच्या सुटसुटीतपणाने ठरले. आज घरोघरी हार्ड डिस्कांची चवड साठते आणि ती बसवायला कोणी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून घरीच चौकट करतो, तेव्हा तो याच परंपरेतले काम करत असतो, असे म्हणायला मला जागा दिसते.

लाटेपासून सुरुवात करू. ती परमार राजा भोजाच्या काळची, म्हणजे ११व्या शतकातली असावी असा सर्वसाधारण समज आहे. काहींनी ती परमारांच्या शेवटच्या काळातही ढकलली आहे. धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी तिचा अभ्यास केला आणि लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून, एकजीव करत ती घडवली असे दाखवले. तिच्या अंगावर अंतराअंतरावर भोके आहेत. घडणीच्या वेळी त्यांत पहारी खुपसून लाट फिरवता-उचलता यावी, हा त्यांचा उपयोग असावा असे त्यांचे मत. म्हणजे करणाऱ्याने उचलण्याची सोय विचारात घेतली होती. मात्र ती भट्टीजवळच्या शंभर हातांसाठी होती. पुढे १४०५ मध्ये दिलावर खान घोरीने जवळ मशीद बांधली आणि तिला लाटेवरूनच नाव पडले. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने माळवा जिंकला. त्याला लाट गुजरातेत न्यायची होती. जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो की खणून काढताना ती कोसळली आणि तिचे तुकडे झाले. १६१७ मध्ये जहांगीर स्वतः धारला आला, नुसता पडून असलेला तुकडा पाहिला आणि थोरला भाग आग्र्याला नेऊन बापाच्या कबरीच्या अंगणात उभा करावा, त्यावर दिवा लावावा, असा हुकूम सोडला. हुकूम सुटला, लाट हलली नाही. त्याआधी अकबराच्या दख्खन स्वारीत तिच्यावर बादशहाच्या मुक्कामाचा फारसी लेख कोरला गेला होता. उचलता न येणाऱ्या वस्तूवर नाव कोरून ठेवणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग म्हणायचा.

यावर कोणी म्हणेल, लाट बहादूरशहाच्या लोभाने मोडली, बैठकीने नव्हे. पण जहांगीरच्या सांगण्यातला बारकावा पाहिला पाहिजे. त्याच्या सांगण्याप्रमाणे लाट घणाने फोडली नव्हती; ती सोडवताना पडली. म्हणजे ती जिथे रोवली होती तिथून तिला सावकाश मोकळी करण्याची युक्ती त्या वेळी कोणापाशी नव्हती, आणि एकदा तुटल्यावर पुन्हा जोडून उभी करण्याची युक्ती तर गुजरातच्या सुलतानापाशी, मुघल बादशहापाशी आणि पुढे इंग्रजांपाशीही नव्हती. आसपास पडलेल्या प्रचंड शिळांवरून लोकांनी वेगळेच उत्तर काढले: गांगली नावाची एक राक्षसी देहाची तेलीण होती, लाट ही तिच्या तराजूची दांडी आणि शिळा ही तिची वजने. गंमत अशी की या कथेत लाटेला रोवलेली मानलेलीच नाही. ती उचलून वापरायची वस्तू आहे, फक्त उचलणारीचा हात तेवढा मोठा हवा. राजे-बादशहांच्या कल्पनेपेक्षा लोककथेची कल्पना मला यांत्रिकदृष्ट्या जास्त डोळस वाटते. तुकडे नंतर शहरात वेगवेगळ्या जागी विखुरले. थोरला तुकडा मशिदीच्या जोत्याला कलता पडला होता आणि पोरे त्याच्यावरून घसरगुंडी खेळत. १९८०च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने तिन्ही तुकडे एकत्र आणून ओट्यावर आडवे ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिल्लीचा खांब तर पक्का रोवलेला, मग तो कसा टिकला? इथे बैठकीचा तपशीलच उत्तर देतो. खांब जमिनीत फार खोलवर गेला असावा असा पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा आधी समज होता. १८७१ मध्ये खणून पाहिले तेव्हा तो फरशीखाली थोडक्यातच संपल्याचे दिसले. बुडाशी कांद्यासारखा फुगवटा, त्याच्याखाली आखूड लोखंडी सळ्यांची जाळी, आणि त्या सळ्या दगडात खाचा पाडून शिशाने बसवलेल्या. सहा टनांचा खांब खोल खड्ड्यावर नव्हे, तर एका नीट विचार केलेल्या जोडणीवर उभा आहे. शिसे मऊ असते, कमी आचेवर वितळते. ओतता येते आणि काढताही येते. हा खांब मुळात विदिशेजवळच्या उदयगिरीहून आणला गेला असावा हे मत खरे धरले, तर तो एकदा तरी सुखरूप उपटून पुन्हा रोवलेला आहे. निदान एवढे निश्चित की १९६१ मध्ये पुरातत्त्व खात्याने तो रासायनिक उपचारासाठी काढला, जमिनीखालच्या भागाला शिशाचा नवा पत्रा लावला आणि पुन्हा जागी बसवला. तेव्हा दिल्लीचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. टिकलेला खांब हा सुटू शकणाराच खांब निघाला.

आता दगड. धारच्या भोजशाला–कमाल मौला परिसराचे नाव काढले की वाद आधी आठवतो. तो वाद इथे माझा विषय नाही. मला तिथल्या शिळांच्या बसवणीबद्दल बोलायचे आहे. १९०३ मध्ये धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांच्या लक्षात आले की मिहराबाच्या अस्तरात लावलेल्या काही काळ्या शिळांची कोरलेली बाजू आत, भिंतीकडे वळवलेली आहे. त्यातल्या एका शिळेवर ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे दोन अंक निघाले. नाटिका अर्जुनवर्मा परमाराचा राजगुरू मदन याची, १३व्या शतकाच्या आरंभीची. युजेन हुल्ट्झ यांनी ती ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात छापली. नाटिकेचे अंक चार. म्हणजे मजकूर दोन शिळांवर वाटून कोरला होता, आणि दुसरी शिळा गेली ती गेलीच. जगात या नाटिकेची दुसरी प्रत नाही. एक शिळा सापडली म्हणून अर्धे नाटक आहे, दुसरी सापडली नाही म्हणून अर्धे नाही, इतका हा साधा हिशेब आहे.

दगडाचे कैवारी इथे म्हणतील की शिळा भिंतीत पक्की बसली होती म्हणूनच तर वाचली. खरे आहे, पण ती पक्की बसली ती मूळ जागी नव्हे. वाचण्यासाठी उभारलेली शिळा इमारत बदलताच बांधकामाचा चिरा झाली, आणि अक्षरे आत वळली हा योगायोग तिच्या उपयोगी पडला. अक्षरे बाहेर राहिली असती तर पावलांनी, हातांनी ती झिजवली असती. जमिनीत लावलेल्या शिळांचे तेच झाले. ज्या जोडणीत वस्तू वाचते पण वाचता येत नाही, तिला जतन म्हणावे की तुरुंगवास, हा प्रश्न उरतोच. त्याउलट त्याच परिसरातला दुसरा प्रकार पाहा. खांबांवर सर्पाकृतीत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले आहेत, त्यांना सर्पबंध म्हणतात. असेच सर्पबंध उज्जैनला महाकालेश्वराच्या परिसरात आहेत आणि निमाडातल्या ऊन गावीही आहेत. एका ठिकाणचा झिजला तर दुसरीकडचा आहे. मदनाची नाटिका अशी तीन गावी कोरली असती तर लेल्यांना तिचे चारही अंक मिळण्याची आशा होती. आणि खुद्द भोजाचे काय? त्याच्या नावावरचे ‘समरांगणसूत्रधार’ हस्तलिखितांवरून टी. गणपतिशास्त्री यांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापले. ‘शृंगारप्रकाश’ तर दक्षिणेतल्या हस्तलिखितांतून हाती आला. धारच्या राजाचे ग्रंथ धारच्या दगडात नव्हे, दोरीत ओवलेल्या आणि फळ्यांमध्ये दाबलेल्या पोथ्यांत, शेकडो मैल दूर जगले. पोथी सोडायची, पाने उतरवायची, नक्कल झाली की पुन्हा बांधायची. शिळेची नक्कल करायला शिळेपाशी जावे लागते. पोथी स्वतः नक्कल करणाऱ्याच्या घरी जाते.

तांब्याकडे आलो की ही कल्पना तिच्या सर्वांत देखण्या रूपात दिसते. परमारांची दानपत्रे बहुधा दोन ताम्रपटांची असत. पटांना भोके पाडून त्यांतून कड्या ओवत. लेख आतल्या बाजूंवर, म्हणजे दोन्ही पट मिटले की अक्षरे एकमेकांकडे तोंड करून सुरक्षित. धार आणि इंदूर यांच्या मध्ये बेटमा नावाचे गाव आहे. तिथे भोजाचे विक्रम संवत १०७६चे, म्हणजे इ.स. १०२० मधले ताम्रपट मिळाले; ते द. बा. दिसकळकर यांनी प्रसिद्ध केले. राजस्थानात बांसवाड्याला मिळालेले भोजाचे पट त्याच वर्षातले, आणि दोन्ही दाने कोकणविजयाच्या निमित्ताची, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. देवासलाही नरवर्म्याच्या काळचे, विक्रम संवत ११५२चे ताम्रपट मिळाले आहेत. लाट जिथे रोवली तिथेच पडली, शिळा भिंतीत गेल्या. हे पट मात्र दान घेणाऱ्याबरोबर गावोगाव गेले, शेतात पुरले गेले, वंशजांच्या पेटीत राहिले आणि आठ-नऊशे वर्षांनी बहुतेक शाबूत निघाले. तांबे दगडापेक्षा कणखर नाही. ते वितळवून भांडे करण्याचा मोह तर दगडाला नसलेला धोका. तरीही ते बऱ्याच प्रमाणात उरले, याचे श्रेय मी त्या कडीला देतो. दोन पट, दोन भोके, वाकवलेली तांब्याची तार: ही कडी कुठलाही तांबट घडवील आणि कुठलाही तांबट उघडील.

इथेच खरा आक्षेप उभा राहतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जी कडी कोणीही उघडील ती चोरही उघडील. एक पट काढून खोटा घालता येतो. एका गावाच्या जागी दुसरे गाव, एका बिघ्याच्या जागी दहा बिघे. हे केवळ तर्काने म्हणत नाही. पुराभिलेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनी १९०१ मध्ये बनावट लेखांची लांबलचक यादीच छापली होती आणि तीत ताम्रपट भरपूर होते. म्हणूनच कुठलाही ताम्रपट हाती आला की अभ्यासक आधी नोंदवतो: कडी मिळाली तेव्हा अखंड होती की कापलेली? पण जुन्या लोकांनी यावर शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. त्यांनी कडी न उघडणारी केली नाही. त्यांनी उघडल्याचे कळेल अशी व्यवस्था केली. याज्ञवल्क्यस्मृतीत भूमिदानाचा लेख वस्त्रावर किंवा ताम्रपटावर करावा, त्यावर राजमुद्रा, राजाची सही आणि काळ असावा, असे सांगितले आहे. अनेक राजवंशांनी मुद्रा कडीच्या सांध्यावरच ओतली, म्हणजे कडी कापल्याशिवाय पट सुटत नाही आणि कापली की दिसते. परमारांची तऱ्हा मला याहून हुशारीची वाटते. त्यांनी हातात साप धरलेला गरुड पटाच्याच अंगावर कोरला, आणि भोजाच्या पटांत राजाची सही शेवटी एकदाच न येता पहिल्या पटाच्या अखेरीसही येते. कडी हरवली, पट वेगळे झाले, तरी प्रत्येक पट आपापली साक्ष देतो. आज देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या नोटेवर क्रमांक दोन जागी असतो, आणि फाटकी नोट बँकेत नेणाऱ्याला त्याचा उपयोग कळतो. मी यात परंपरा जोडू पाहत नाही; गरज तीच असली की युक्तीही तीच सुचते, इतकेच.

कागदाच्या बाबतीत मराठ्यांनी माळव्यात हीच समज आणली. १७२८ मध्ये तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांकडे देवास आले आणि एका गावात दोन संस्थाने नांदू लागली, थोरली पाती आणि धाकटी पाती. आरंभी कारभार सामाईक होता. १८४१ पासून दोन्ही पात्या आपापला हिस्सा वेगळा सांभाळू लागल्या. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिलेल्या इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरला या दुहेरी संसाराची मोठी मौज वाटली. एका छोट्या गावात दोन दरबार, दोन फौजा, सगळेच दोन-दोन. त्याने पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात ते सारे लिहिले. त्याच्या हसण्यात एक गोष्ट निसटली. दोन कारभार म्हणजे दोन दप्तरे, आणि दप्तर म्हणजे रुमाल. मोडीतले कागद लांब बंदांचे असत. एक बंद संपला की खाली दुसरा डकवायचा आणि जोडाच्या पाठीमागे लहान शिक्का उमटवायचा, म्हणजे मधला बंद बदलला तर शिक्का मोडलेला दिसेल. ताम्रपटाच्या कडीवरची मुद्रा कागदावर आली ती अशी. असे कागद सालवार, प्रकरणवार लावून चौकोनी कापडात ठेवायचे, समोरासमोरची टोके घेऊन गाठ मारायची, वर चिठ्ठी लावायची आणि फडताळात रचायचे. या कापडाला रुमाल म्हणत आणि त्या बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच.

रुमालाची थोरवी तो किती साधा आहे यात आहे. त्याला कुलूप नाही, खिळा नाही, गोंद नाही. फडताळ पडके झाले तर रुमाल उचलून दुसऱ्यात ठेवता येतो. कापड जीर्ण झाले तर नवे घेता येते. आग लागली, शत्रू आला तर बैलावर लादता येतो. गाठ कारकुनाला मारता येते आणि शिपायालाही सोडता येते. १८१८ नंतर पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले, त्यांनी आपल्या सोयीने त्याच्या वाटण्या केल्या, तरी ते मोडले नाही, कारण रुमाल मुळातच हलवण्यासाठी केलेला होता. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराच्या निवडीचे ४५ खंड काढले ते हेच रुमाल सोडून, चाळून, पुन्हा बांधून. धारच्या बाजूने काशीनाथ कृष्ण लेले आणि शि. का. ओक यांनी संस्थानचा इतिहास लिहिला, आणि मा. वि. गुजर यांनी ‘पवार घराण्याच्या इतिहासाची साधने’ छापली. शिळा भिंतीतून सोडवणारे आणि रुमाल सोडणारे लेले एकच, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो: एकाच माणसाला एकीकडे अर्धे नाटक मिळाले आणि दुसरीकडे एका घराण्याचा सलग इतिहास.

देवासच्या दोन पात्यांवरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. दोन दप्तरे होती म्हणून एक दुसऱ्याची प्रत होती असे नाही. थोरल्या पातीचा कागद थोरल्या पातीचा, धाकटीचा धाकटीचा. सर्पबंध तीन गावी कोरणे आणि एका गावात दोन कचेऱ्या असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकवाले इथे चपखल भेद करतात: दोन डिस्का असणे निराळे आणि दोन डिस्कांवर तोच मजकूर असणे निराळे. अनेक घरांत आज चार डिस्का असतात आणि चौघींवर चार वेगळ्या गोष्टी; मालकाला मात्र वाटते आपल्याकडे भरपूर सुरक्षित साठा आहे.

हार्ड डिस्कवर आलोच आहोत तर तिच्या बसवणीचा इतिहासही थोडा पाहू. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि साठा ५० लाख अक्षरांचा. ती बसवायला खोली लागे. धारच्या लाटेसारखीच ती एकदा ठेवली की ठेवली. १९८० मध्ये सीगेटची सव्वापाच इंची आणि १९८३ मध्ये रोडाइमची साडेतीन इंची डिस्क आली, आणि मग एक शांत पण मोठी गोष्ट घडली: डिस्कच्या अंगावरची स्क्रूची भोके ठरून गेली. रुंदी १०१.६ मिलिमीटर, कडांना तीन-तीन भोके, तळाला चार. कंपनी कुठलीही असो, भोके बहुधा तिथेच. ही ताम्रपटाचीच भोके आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण काम तेच करतात. त्यांच्यामुळेच घरी चौकट करणे शक्य झाले. बाजारातल्या डब्यात दोन-तीन डिस्कांची जागा असते, घरात डिस्का पाच-सहा होतात, मग माणूस अ‍ॅल्युमिनियमचे दोन अँगल घेतो, भोकांचे माप उतरवतो, ड्रिल मारतो आणि डिस्का एकावर एक बसवतो. इंदूर-देवासच्या हार्डवेअरच्या दुकानात यासाठी सर्वांत सोयीचा माल कोणता? रॅकचा भोकांवाला अँगल. हा अँगल डिमिट्रियस कोमिनो याने १९४७ मध्ये लंडनजवळ डेक्सिऑन या नावाने बाजारात आणला. कापा, बोल्ट लावा, नको झाले की सोडा आणि दुसरे काही बांधा, ही त्यामागची कल्पना. सरकारी अभिलेखागारांत आणि कचेऱ्यांत लाकडी फडताळांच्या जागी आले ते हेच रॅक. आज त्यांच्यावर रुमाल असतात, आणि त्याच पट्टीचा तुकडा कापून कोणी डिस्का बसवतो. रुमाल आणि डिस्क यांना धरणारे लोखंड एकाच दुकानातून येते, हा माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत ठोस दुवा आहे.

जाणकार इथे अडवतील, आणि बरोबर अडवतील. डिस्क म्हणजे ताम्रपट नव्हे. तिच्या आत मिनिटाला हजारो फेरे घेणारी तबकडी आहे. सहा डिस्का एका पातळ पट्टीवर घट्ट आवळल्या तर एकीचा थरकाप दुसरीला बाधतो. हे किती नाजूक असते ते २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने दाखवले: तो डिस्कांच्या कपाटावर नुसता ओरडला आणि वाचन-लेखनाचा वेग त्या क्षणी घसरल्याचे आलेखात दिसले. शिवाय डिस्का तापतात. मध्ये हवा खेळायला जागा हवी. म्हणजे घरगुती चौकट धोक्याची का? मला वाटते उलट. थरकापावर उपाय स्क्रू आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची चकती घालणे, आणि रबराची चकती हे दिल्लीच्या खांबाखालच्या शिशाचे काम करते: कठीण वस्तूला कठीण वस्तूवर थेट न टेकवता मध्ये मऊ थर देणे. उष्णतेवर उपाय दोन डिस्कांत बोटभर अंतर आणि समोर पंखा. ज्याने चौकट स्वतः केली त्याला कुठली डिस्क कुठे आहे, कुठला स्क्रू आधी सोडायचा, हे ठाऊक असते. मधली काढायला वरच्या सगळ्या उतरवाव्या लागतील अशी रचना तो दुसऱ्यांदा करत नाही. बंद डब्यातल्या, खास स्क्रूने जखडलेल्या तयार पेट्यांबद्दल हे म्हणता येत नाही. पेटी बिघडली की आतली डिस्क शाबूत असूनही अनेकदा त्याच कंपनीची दुसरी पेटी शोधावी लागते. भिंतीत अक्षरे आत करून बसवलेल्या शिळेची मला इथे आठवण होते.

एक शेवटचा आक्षेप मात्र मी पुरता परतवू शकत नाही. ताम्रपट ९०० वर्षे टिकला, रुमाल २५० वर्षे. डिस्क फार तर काही वर्षे चालते. मग तिच्या चौकटीचा एवढा विचार कशाला? याचे अर्धे उत्तर असे की म्हणूनच चौकटीचा विचार अधिक करायचा. जी वस्तू वारंवार बदलावी लागणार तिची जोडणी सोपी हवी, आणि भोके गेली चाळीस वर्षे जागची फारशी हलली नाहीत ही त्यातली मोठी सोय. १९९५ची साडेतीन इंची डिस्क आज केलेल्या पट्टीत बहुधा बसते. उरलेले अर्धे उत्तर चौकटीच्या हातात नाही. पट्टीत बसलेली ती जुनी डिस्क वाचायला त्या काळची रुंद चपटी वायर आणि ती ओळखणारा संगणक लागतो, आणि ते मिळवणे दरवर्षी थोडे अवघड होत चालले आहे. धार-देवासचा रुमाल सुखरूप सोडल्यावर मोडी घडाघडा वाचणारा माणूस मिळवण्याइतकेच.